घर ओढताना, चिलोए बेट

एदुविनानं तावदानं काढून घेतली,
चूल विझवली, मांजर पोत्यात घातलं.
बाकी घर जसंच्या तसं
ओंडक्यांवर.

सोळा बैल, दोर, गुडघाभर चिखल,
आणि पाऊस. त्याला आवतण लागत नाही,
तो इथलाच.

रोसेन्दोनं आरोळी दिली.
घर कुरकुरलं, अडलं,
मग उतरू लागलं खाडीकडे
गाभण गाईसारखं, जपून.
रिकाम्या खिडक्यांतून पोरं हात हलवत होती.

एदुविना मागेच.
घराखालची जमीन: चौकोनी, कोरडी,
एक गंजला चमचा, कोंबडीची पिसं.
एकावन्न वर्षांत पहिल्यांदाच
तिच्यावर थेंब पडत होते,
एकेक, चाचपडत.

"घे," एदुविना म्हणाली, "पी."

आणि पळाली घरामागे,
दाराला कडी लावायची
राहिली होती.