डोंगल

डॉलर मार्केटातला पोरगा म्हणाला,
"काका, कानाचं मशीन नवं, कॉम्प्युटर जुना.
जमणार नाही. दोनशे द्या, हे मागे खोचा."

रामबागेत परतलो, खोचलं.
पडद्यावर यादी उगवली :
सप्रेंचा टीव्ही,
कुणा सोनूचे इअरफोन,
खालच्या जिममधला वजनकाटा.
अख्खी गल्ली सापडली त्याला,
माझे कान सोडून.

राहू दे, म्हटलं.
प्रमिलानं कणकेचे हात पुसले,
दोन्ही यंत्रं डबीत घातली, झाकण लावलं,
दहा आकडे मोजून
पुन्हा माझ्या कानांत बसवली.

टिंग.

मी उठून दार उघडलं.
जिन्यात कुणीच नव्हतं,
बल्ब तेवढा जळत होता दिवसाढवळ्या.

"कोण आलंय?" तिनं विचारलं.
तिला काहीच ऐकू आलं नव्हतं.