कुंडलिका, दोन जीबी

मुंदडा शेठ म्हणाले, खऱ्या मशीनला हात लावायचा नाही.
त्यात सगळे लॉट नंबर, सगळ्या थप्प्या,
कुठली तूर कुठल्या शेडमध्ये.
आधी दुसरीकडं करून दाखव.

दुसरीकडं म्हणजे कुठं?
जालना एमआयडीसीतल्या या गोदामात माझ्या टेबलावर एकच मशीन,
सात वर्षांचं, पंख्यात धुळीपेक्षा भुसा जास्त.
म्हणून त्याच्याच पोटात दुसरं बसवायला घेतलं.

पहिल्यांदा नुसता काळा पडदा. व्हर्च्युअलायझेशन बंद.
मशीन पुन्हा चालू करताना एफटू दाबत राहिलो,
आतून कुणी येईपर्यंत कडी वाजवावी तसा.
निळ्या पानावर सहाव्या ओळीत सापडलं.

चारातली दोन जीबी दिली.
डिस्क वीसची लिहिली, पण घेणार लागेल तेवढीच:
सातबाऱ्यावर वीस, वहितीला दोन.
त्या बिचाऱ्याला हे कळत नाही.
तो उठतो, मोजतो, वीस भरतात,
आणि समाधानानं पुढं जातो.

भाषा विचारली. यादीत खाली गेलो, वर आलो,
मराठी दिसली नाही. इंग्रजीवर एंटर मारला.
वेळ विचारली, कोलकाता दिली.
नाव विचारलं.
शेठनं 'सर्व्हर एक' सांगितलं होतं.
मी कुंडलिका लिहिलं, इंग्रजी अक्षरांत, सगळी लहान.
पुलावरून जाताना जिच्याकडं कुणी बघत नाही, ती.

पासवर्ड टाकताना काहीच उमटत नाही,
चांदण्यासुद्धा नाहीत.
बोटं म्हणतात टाकला. पडदा म्हणतो, काय माहीत.

निलोफरबाजी उगवण खोलीतून चहा घेऊन आल्या.
"काहून रे, काळ्या पाटीकडं बघत बसलास?"
म्हटलं, एका मशीनमध्ये दुसरं उगवतंय का बघतोय.
त्या हसल्या नाहीत.
"मंग कागदात टाकलंस म्हण की."

ओल्या कागदावर शंभर दाणे,
गुंडाळी, रबर, तारीख, पंचवीस डिग्री.
आठव्या दिवशी उलगडून मोजायचं.
दाण्याला कोण सांगतं हा कागद आहे म्हणून?
तो मूळ खाली सोडतो, पूर्ण इमानानं.

पावणेसहाला लाईट गेली.
यूपीएस तीनदा ओरडला आणि गप्प झाला.
वरचंच गेलं, तर आतलं काय राहणार?
चाळीस मिनिटं थप्पीला टेकून
कुणाच्या फोनमध्ये किती टक्के उरलेत यावर बोललो.
लाईट आली. कुंडलिका उठली,
स्वतःची डिस्क चाचपली, दोन ठिकाणी तुटलेलं सांधलं,
आणि सहा पंचवीसच्या ओळीपासून पुढं लिहू लागली.
मधल्या चाळीस मिनिटांबद्दल एक अक्षर नाही.

रात्री नवाला मोबाइलवरून आत शिरलो.
एक लॉट टाकला. परत मागितला.
आला.
ओरडून सांगावं तर गोदामात कुणी नाही;
वॉचमन कचरूमामांना सांगितलं.
ते म्हणाले, बरं झालं. गेट लावू का मग?

पुढच्या शनिवारी शेठनं उभ्या उभ्या पाहिलं.
"चाललं ना? आता खऱ्यावर कर. आणि हे उडव."

त्याच दुपारी बाजींनी गुंडाळी सोडली.
त्र्याऐंशी उगवले, सतरा नाही. लॉट पास.
त्र्याऐंशींचं पुढं काय होतं
हे मी इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं.
"टाकायचे असतात," त्या म्हणाल्या.

सायकल स्टँडच्या मागं, रंगाच्या रिकाम्या डब्यात
अकरा सोयाबीन उभे आहेत.
त्याबद्दल इथं कुणी बोलत नाही.

काढून टाकू? मशीननं विचारलं. सगळ्या फाइलींसकट?
थांब म्हटलं.
तिची एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली,
नाव दिलं: चालू होती तेव्हा.
मग हो दाबलं.
वीस सांगितली होती. साडेतीनच भरली.