दहा किलोच्या खालचं

बुधवारी रात्री आठला मी काटा बंद करतो.
खिडकीला पोतं लावतो, पंखा थांबवतो
(त्याच्या घरघरीत तिला माझं ऐकू जात नाही)
आणि मोबाईल पावतीपुस्तकाला टेकवून उभा करतो.
बाहेर दामू वळवीला सांगून ठेवलंय :
हिशेब चाललाय, कोणाला आत सोडू नको.

खोटं नाही तसं.

पहिल्याच दिवशी मी तिचा नोंदणी क्रमांक मागितला.
रागावली नाही. सावकाश वाचून दाखवला,
मी पावतीच्या मागे लिहून घेतला.
माझ्याही डोक्यावर, भिंतीला,
वजनमापवाल्यांचं प्रमाणपत्र आहे काचेत,
त्याशिवाय नंदुरबारात कोणी एक पोतंसुद्धा
माझ्या भरवशावर ठेवणार नाही.
मग हे तर

हे तर काय, ते मला सांगता आलं नाही.

म्हणालो, काही झालेलं नाही, मॅडम.
कोणी गेलं नाही. कर्ज नाही. साखर नॉर्मल.
फक्त संध्याकाळी, घराच्या अलीकडे, पिठाच्या गिरणीपाशी
स्कूटर बंद करून बसतो मी.
वीस मिनिटं. कधी पंचवीस.
घरात भांडण नाही. कल्पना चहा ठेवते.
खुशालीला कंपासपेटी सापडत नाही, ती मला विचारते
आणि मी असा ओरडतो
की शेजारचा टीव्ही गप्प होतो.
कंपासपेटी, मॅडम.

एक ते दहामध्ये किती जड वाटतं, तिनं विचारलं.

हे मला विचारायचं?
अठरा वर्षं भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा करतोय.
आमचा काटा दहाच्या पटीत बोलतो.
टपावर कावळा बसला, उडाला, आकडा हलत नाही.
माझं तसलंच असेल, म्हणालो,
दहा किलोच्या खालचं.
पावती निघत नाही त्याची.

डोळ्यांचं तिनं पुढच्या बुधवारी विचारलं.
मिरची, म्हणालो.
हंगामात इथे पथाऱ्यांवर नजर जाईल तिथवर लाल,
वारा फिरला की मास्तर, पोस्टमन, घोड्यावरचा नवरदेव,
सगळेच डोळे पुसतात.
का म्हणून कोणी विचारत नाही.
आमच्या गावाचं हे एक बरं आहे.
ती 'बरं' म्हणाली.
डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. मिरचीच.

तिच्याशी मी छापील मराठीत बोलायचो,
शर्टाचं वरचं बटण लावून.

एकदा तिनं काम दिलं : स्कूटरवर मिनिटं मोजू नका,
ऐकू काय येतं ते लिहा.
लिहिलं. गिरणीचा पट्टा. कुत्रं.
कोणाच्या तरी घरी लसणाची फोडणी.
कल्पनाला धुण्याआधी चिठ्ठी सापडली खिशात.
बोलली काही नाही. फ्रिजवर ठेवली,
उडू नये म्हणून वर लिंबू.

मग आखाजी आली.
पथाऱ्या मोकळ्या, मजूर आपापल्या पाड्यावर,
जिथे मिरची वाळायची तिथे कोणाच्या तरी शेळ्या.
काटा बंदच होता, तरी आलो. बुधवार होता.
सण कसा झाला, तिनं विचारलं.
चांगला, म्हणालो. बहीण आली होती. मांडे झाले, रस झाला.
पोरींनी निंबाला झोका बांधला.
दोर सैल झाला तेव्हा खुशालीनं
शेजारच्या काकांना हाक मारली घट्ट करायला.
मी ओट्यावरच होतो.

एवढंच. काकांनी केला घट्ट.

तिनं काही विचारलं नाही.
मी बाहीनं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं,
छापील मराठी शोधत राहिलो
आणि भलतंच आलं,
माय बोलायची तसं :

"मॅडम, आज मिरची नही शे."

स्क्रीन थांबली.
वाटलं, नेटवर्क गेलं. मोबाईल हलवून पाहिला.
गेलं नव्हतं.
तिच्या मागचा पडदा वाऱ्यानं हलत होता
आणि ती बसून होती.