शिडी माझ्याकडे, बादली त्याच्याकडे

मतदार चारशे अकरा, उमेदवार दोन,
पक्ष एकच.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा
शहराध्यक्ष चिठ्ठी टाकून निवडायचा ठरला
आणि दांडिया बाजारात
आमचं बोलणं बंद झालं.

म्हणजे बोलणं फार वाढलं,
पण ते बोलणं नव्हे.

मोरेश्वर धारकर खोपकरांच्या बाजूचा.
मी फणसेबाईंच्या.
सेव-उसळीच्या गाडीवर तो म्हणायचा,
जयवंतराव कोणाच्या मयताला चुकले नाहीत आजवर.
मी म्हणायचे, बरोबर,
माणूस जिवंत असताना कधी आले?
तो म्हणायचा, तुझ्या बाई फोन उचलत नाहीत.
मीटिंगमध्ये असतात, मी.
कोणाबरोबर? आम्ही तर सगळे बाहेरच बसलोय.

गाडीवाला कनुभाई तर्री वाढता वाढता म्हणाला,
बंने तमारा ज छे ने?
त्या दिवशी आम्ही दोघंही
कनुभाईवर एकदमच चिडलो.
महिन्याभरातलं तेवढंच एकमत.

समोरच्या पक्षाला आम्ही
इतकं लागेलसं कधी बोललो नव्हतो.
त्यांना ओळखतं कोण?
आपल्यांचं मात्र सगळं ठाऊक असतं:
पावतीपुस्तक कोणी हरवलं,
बूथवर बसवलेला कोण
दुपारी जेवायला म्हणून घरी गेला
आणि पाच वाजता जांभई देत आला.
(तो धारकरच. मी सत्तावीस वर्षं सांगितलं नव्हतं.
यंदा भर गाडीवर सांगितलं.)

तो पाव तसाच ठेवून उठला.

मग वाटणी झाली, कोणी न करता.
शिडी माझ्या जिन्याखाली होती, ती माझी.
खळीची बादली आणि कुंचा त्याच्याकडे.
तो हात पुरेल तिथवर खोपकर लावायचा.
खळ कणकेची.
खारीवाव रोडवर सकाळी एका गाईनं
जयवंतरावांना हनुवटीपर्यंत खाल्लं.
मी भाच्याला शिडीवर चढवून
सेलोटेपनं उंचावर लावलेल्या फणसेबाई
ऊन तापलं की
एकेक सुटून कोणाच्या तरी स्कूटरवर बसायच्या.

मतदानाच्या आदल्या रात्री साडेदहाला
बेल वाजली.
एका हातात बादली, काखेत गुंडाळी,
गुडघ्याला तो निळा पट्टा.
शिडी दे, म्हणाला. उद्या सकाळी आणून देतो.
आणि चढणार कोण?
तो काही बोलला नाही.
बादलीतून वाफ येत होती,
मोरचूद घातलेली खळ, वासावरून कळतं,
तिला गाय तोंड लावत नाही.
शिकला होता.

मी चपला घातल्या.
जाताना माझीही गुंडाळी उचलली,
ती त्यानं पाहिली, पाहिली नाही.

सूरसागरच्या बाजूच्या त्या लांब भिंतीशी
आयुष्यात पहिल्यांदा मी वर होते
आणि धारकर खाली, शिडी धरून.
जरा डावीकडे, तो म्हणाला.
सत्तावीस वर्षं हे वाक्य माझं होतं.
वरून कळलं, ते ऐकायला किती राग येतो.

खोपकर वाकडे लावावेत
असं मनात आलं, खोटं कशाला बोलू.
पण कुंचा हातात आला की
हात आपोआप कोपरे दाबतो,
मधला बुडबुडा बाहेर काढतो.
तो आता थोडाच विचारणार, कोणाचा चेहरा आहे म्हणून.

आता तुमच्या बाई दे, त्यानं खालून हात पुढे केला,
खळ लावून कागद वर दिला,
बाईंच्या चष्म्यावर जरा जास्तच.

त्या भूमिगत गटारांची फाइल वाचतात, मी म्हटलं,
तुझे साहेब फक्त हार वाचतात.
वाचू दे, तो म्हणाला, मतं मोजू उद्या.
बूथवर झोपू नकोस.
शिडी हलली.
मुद्दाम हलवली की हसण्यानं,
वरून दिसलं नाही.

जवळून बघितलं तर
तुझे खोपकर थकलेले दिसतात रे.

शाई स्वस्तातली आहे, तो म्हणाला.