सूचना पेटी

पुण्याच्या सल्लागाराने भिंतीवर उजेड पाडला.
उजेडात एक रेघ. आधी खाली जाते, मग वर.
माणसं बदल असा पचवतात, म्हणाला.
आधी नाही म्हणतात, मग चिडतात,
मग हळूहळू...

मल्लेशम जॉबर माझ्या कानाशी वाकला :
"साहेब, रेघेला ताण कमी पडलाय.
मध्येच लोंबतीय बघा. तुटणार."

अक्कलकोट रोडवरच्या आमच्या कारखान्यात
चोवीस साधे माग जाणार, आठ रॅपियर येणार.
माझ्याकडे मन वळवणं.
मालकांच्या पत्रात ते तसंच होतं,
वायरिंग आणि आग विझवायचे सिलिंडर
यांच्या मधल्या ओळीत.

मी नोटीस लिहिली. तीन मसुदे झाले.
"सर्व संबंधितांस कळविण्यात येते की"
इथपर्यंत येऊन लोक जेवायला जात.
चौथ्या दिवशी तिच्या समासात
कुणीतरी भिशीचा हिशोब मांडला.
तो मात्र बरोबर होता.

कामगारांच्या कल्पना गोळा करायची
काही सोय आहे का, सल्लागाराने विचारलं.
आहे की.
टाइम ऑफिसच्या भिंतीला लाल पत्र्याची पेटी,
कुलूप गंजलेलं, किल्ली बंडगरांकडे,
बंडगर रिटायर होऊन मुलाकडे हैदराबादला.
मल्लेशमने चार स्क्रू काढले,
पेटी कुलपासकट हातात आली.

गुटख्याच्या पुड्या. एक लग्नपत्रिका, राहूनच गेलेली.
आणि चिठ्ठ्या सतरा.
"सात नंबरवर छतातनं पाणी पडतं. पावसात नाही, एरवी."
एकीवर नुसतं : "पगार."
एक तेलुगूत. मल्लेशमने बोट फिरवत वाचली :
पंख्याचं तोंड मागाकडे आहे, थोडं आमच्याकडे करा,
मागाला घाम येत नाही.

एक कोनच्या लेबलामागे, पेन्सिलीने.
"वाइंडिंगची मांडणी डाव्या हाताला घ्यावी.
उजवीकडे वळून वळून कंबर जाते."
खाली सि. मे., हेल्पर.
म्हणजे मी.

मग सुपरवायझर झालो, मग काचेची केबिन.
त्या मांडणीजवळून रोज गेलो.
कंबर कधी बरी झाली कळलंच नाही,
वळायला तिथे दुसरं कोणी होतं.

रविवारी दोन पोरं घेऊन
मी स्वतः मांडणी डावीकडे सरकवली.
बाहेर चव्वेचाळीस डिग्री, आत त्याहून जास्त,
पण छाती भरून आली होती, खोटं कशाला सांगू.

सोमवारी बालामणी अक्का उभी राहिली,
सवयीने उजवीकडे हात टाकला, हवेत गेला.
"कुणी हलवलं रा हे?"
मी पुढे झालो.
"बारा वर्षं लागली मला उजवी व्हायला.
आता परत डावी करतो? विचारलंस?"

नव्हतं विचारलं.
सल्लागाराच्या रेघेत ही जागा कुठे येते
ते मी त्याला विचारलं नाही.
मोडक्या ट्रॉलीची चार चाकं मल्लेशमने काढली,
मांडणीखाली ठोकली. एक कुरकुरतं.
अक्का आता तिला पायाने ढकलते,
सकाळी इकडे, दुपारनंतर तिकडे,
आणि वाटेत कोणी आलं तर त्याच्या अंगावर.

रॅपियरच्या पेट्या आल्या. पाया ओतून झाला.
माझ्या ड्रॉवरमध्ये अकरा नावांची यादी आहे.
तिला चाकं लावता येत नाहीत.
मालक म्हणतात, योग्य वेळ बघून सांगा.
मी डबा उघडतो, कडक भाकरी मोडतो,
मोडल्याचा आवाज केबिनभर होतो.

पेटी परत टांगली आहे. या वेळी बिनकुलपाची,
विश्वास दिसावा म्हणून.
आठवडाभर रिकामी होती.
आज एक चिठ्ठी निघाली :

"कुलूप लावा. नाहीतर कोण लिहील?"

अक्षर ओळखीचं होतं.
मी ओळखलं नाही.
दुपारी बाजारातून नवं कुलूप आणलं,
आणि किल्ली कुणाकडे द्यावी
या विचारात सहाचा भोंगा झाला.