शिकलगारांचं दुकान, पापाची तिकटी

बंदूक दाखवण्याआधी दस्तगीरमामू
गिऱ्हाइकाचा हात मापायचे, टेपनं, शिंप्यासारखा.
"खांद्याला न बसणारी रायफल
पहिली लाथ मालकालाच घालती."

"भेकराला एल.जी.चा बार बास.
मोठं काडतूस लावलं तर
मटण न्हाई, नुसती चटणी.
सांबराला मात्र हलकी गोळी नको.
ते पडत न्हाई, गोळी घेऊन जातंय
दाजीपूरच्या कारवीत,
अन् तीन दिवस मरत ऱ्हातंय."

मग चष्मा कपाळावर सारून विचारलं,
"रक्ताच्या मागावर किती चालाल, सरनोबत?"

सरनोबत हसले.
"जीप हाय की."

मामूंनी काडतुसांचा डबा
फडक्यानं पुसला,
परत कपाटात ठेवला, किल्ली फिरवली,
आणि मला म्हणाले,
चहा सांग जा.
एकच.