विमान जाईपर्यंत

पिंटो पार्कला राहायला आलो त्याच वर्षी
आम्ही अर्ध्या वाक्यात थांबायला शिकलो.
आधी कपबशा कळवतात,
मग खिडकीची एक सैल काच,
मग बोलणाऱ्याने शब्द तोंडात धरायचा
आणि ऐकणाऱ्याने नुसतं बघत राहायचं.
विमान गेलं की वाक्य तिथूनच पुढे.
पाहुण्यांना वाटतं, या घरात काहीतरी बिनसलंय.

शाळेतही तेच. तेरह सत्ते, म्हणते मी,
आणि बावन्न पोरं श्वास धरून बसतात,
पेन्सिली हवेत,
आभाळ मोकळं झालं की एका सुरात: इक्यानवे.
सागरहून बदलून आलेला एक मुलगा पहिल्या दिवशी
त्या गडगडाटात एकटाच उत्तर देत राहिला.
ओठांवरून बरोबर दिसत होतं.

सत्तावीस वर्षांत
ती विमानं मी कधी नीट पाहिली नव्हती.
आवाजाकडे बघावं तर तिथे काहीच नसतं,
ते केव्हाच भिंडच्या बाजूला गेलेलं.

म्हणून पास मिळाले तेव्हा
(शेजारच्या कुशवाहांचा मुलगा तिथे कॅन्टीनमध्ये आहे)
मी चंदेरी नेसले.
हे म्हणाले, लग्नाला निघालीस का?

मैदानात धूळ, गजकचे ठेले,
फाटकावर काढून घेतलेल्या पाण्याच्या बाटल्यांचा ढीग,
खांद्यांवर पोरं, पोरांच्या कानांवर आयांचे तळवे.
माइकवरचा माणूस शेर म्हणत होता
आणि यमकाच्या जागी गर्दी ओरडत होती.
नऊ विमानं आली, धुराने काहीतरी मोठं काढून गेली.
कुणी म्हणालं बाण, कुणी म्हणालं बदाम,
वाऱ्याने वाद मिटवला.

मग ते एकटं आलं. तिकोनी, राखी.
आधी आवाजाशिवाय,
चपला हातात घेऊन कुणी उशिरा घरात शिरावं तसं.
आणि मग एकदम छातीत.
धावपट्टीच्या कडेची टिटवी उडाली नाही,
दोन पावलं सरकून उभी राहिली.
तीही इथलीच.

मी ओळखलं त्याला. हाच तो.
यांना ऑपरेशनसाठी दिल्लीला न्यायचं होतं त्या पहाटे
फाटकाशी हे काही म्हणाले
आणि हा मध्ये आला.
त्या दिवशी हे थांबले नाहीत, बोलतच राहिले.
मी मान हलवली.
बरे होऊन आल्यावर विचारलं, तर म्हणाले,
काही नाही गं, दुधाचे पैसे द्यायचे राहिलेत म्हणत होतो.

दुधाबद्दल बोलताना माणूस असं बघतो?

दुपारी वैमानिक दोरीपाशी आले,
पोरांच्या टोप्यांवर सह्या करायला.
माझ्यासमोरचा पंचविशीचा असेल,
गालावर मास्कचा लाल वळ,
नखाखाली शाई.
केवढं काय काय साठवून नेलं होतं मी त्याच्यासाठी,
हिंदीत जुळवून, दोनदा घोकून.
सुनिए बेटा, म्हटलं,
आणि वरून त्याचाच कुणी सोबती गेला.

मी थांबले. तोही थांबला.
पेन तसंच, टोपी तशीच,
चेहऱ्यावर तेच,
आमच्या घरातलं, माझ्या वर्गातलं थांबणं.
त्यालाही कुणीतरी अर्धं सोडून जात असणार रोज.
आवाज गेला.
जी, आप कुछ कह रही थीं?
कुछ नहीं, म्हटलं. पानी पी लो.

परतताना टेम्पोत आम्ही दोघं मागे,
एका पोत्यावर, पाय बाहेर.
हे म्हणाले, काय विचारणार होतीस त्याला?
आभाळ रिकामं होतं, घारसुद्धा नव्हती,
तरी मी थांबले,
आणि हे सवयीने वाट बघत राहिले
माझ्या तोंडाकडे बघत,
गोले का मंदिर येईपर्यंत.

तिथे उतरून यांनी दूध घेतलं.
सुटे माझ्याकडे होते.